लाल बटण

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाला
माझं दुकान. रिमोट दुरुस्त करतो.
हल्ली येतात त्यातले निम्मे एकाच रोगाचे :
लाल बटण झिजून गुळगुळीत.

ती मालिका बघितली असेल तुम्ही.
पुढच्या कुठल्यातरी काळातलं शहर, पावसालाही मीटर.
त्यात एक माणूस, नासकं पाणी विकलेला.
सतरा पोरं गेली. गुन्हा कबूल.
शिक्षा अशी, की त्याची झोप शहराच्या मालकीची.
कुणीही घरबसल्या लाल बटण दाबायचं,
कोठडीत भोंगा वाजतो, तो दचकून उठतो.

आपल्या बटणाचा त्याच्याशी खरं तर काय संबंध?
तरी दाबतात लोक. आमच्या घरातही.
आई भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं दाबते.
बापूसोमामा म्हणतो, "आणि एकदा दाब. सतरा पोरं हाईत."
मीही दाबतो. सतरा म्हणजे काय कमी?

फक्त तो पेंगतो तेव्हा
त्याची मान जशी डावीकडं कलते
तशी मान मी आधी बघितलीय.

दोन वर्षांमागं, गंगावेशीत,
रात्री धारोष्ण दूध प्यायला गेलो होतो.
खांबाला एक पोरगं बांधलेलं. सायकल चोरली म्हणे.
चौदा-पंधराचं असेल. मारून मारून दमलेले लोक
पोलिसांची वाट बघत उभे,
आणि ते पोरगं उभ्या उभ्याच झोपलं.
ह्याचाच राग आला सगळ्यांना.
कुणीतरी म्हशीपुढची बादली त्याच्या तोंडावर मारली.
व्हिडिओ अंधारा येतोय म्हणून
टॉर्च कुणी धरला, विचारू नका.
माझ्या डाव्या हातात दुधाचा ग्लास होता,
फेस अजून जिरला नव्हता.

काल शेवटचा भाग.
रिमोट कुठं सापडेना.
रेणूनं, माझ्या धाकटीनं, तांदळाच्या डब्यात खुपसलेला.
आई ओरडली, मामा ओरडला.
पडद्यावर भोंगा ठरल्या वेळी वाजलाच,
तो उठला, भिंतीला टेकून बसला.
मग नावं वर सरकत गेली, पडदा काळा.

"झोपला बघा," रेणू म्हणाली, "हळू बोला आता."

सांगणार होतो, बाळ, नट असतोय तो,
पैसे घेऊन घरी जाऊन झोपतोय.
नाही सांगितलं.

सकाळी दुकान उघडलं. अकरा रिमोट आलेले.
दुपारपर्यंत सगळे नीट करून दिले, साठ रुपये बटण.
आमच्या रिमोटात लाल बटणाखाली
तांदळाचा एक दाणा अडकलाय.
तेवढा काढलेला नाही.