मेमधली खूण

नारिन, जानेवारी. बाहेर उणे सव्वीस.
वर्गात सोळा लॅपटॉप
आणि शेगडीपाशी वाळत घातलेले बत्तीस हातमोजे.

बिश्केकहून भूगोलाचे धडे यायचेत. चारशे एमबी.
डोंगरापलीकडून येणारी एकच बारीक वायर,
तिला सोळा तोंडं लागलेली.
एर्किनायकडे धडे पूर्ण आहेत,
काल रात्री ती यंत्र बंद करायला विसरली म्हणून.
तिच्या कोपराला कोपर लावून बसलेला सामात
तेच तुकडे मागतोय
कुठल्याशा देशातल्या कुणा जागत्या माणसाकडे.
काखेत कळसा.
गावाचं तर नावसुद्धा ठाऊक नाही.

मी बेगिमाय. गणित शिकवते.
नेटवर्क रुसलं की तेही माझ्याच वाट्याला.

‘स्थानिक साथीदार शोधा’वर टिचकी आहे.
फायरवॉल दोन मिनिटं पाडली, काही नाही,
परत उभी केली.
व्हीपीएन मुलांना माहीतच नव्हतं.
एकाला होतं. बंद करायला लावलं.
फाइलवर ‘खासगी’चा शिक्का नाही.
मग पॅकेटं ऐकत बसले, चहा निवला.

सामातचं यंत्र दर पाच मिनिटांनी हाक देतं,
कुणा एकाला नाही, सगळ्यांना:
चाळीस अक्षरांचा हॅश, आणि मी या पोर्टवर आहे.
गेलेली हाक दिसते.
आलेली एकही नाही.
एर्किनायच्या यंत्रावर बघितलं, तिथेही तेच.
सोळा जण एका छताखाली ओरडतायत
आणि प्रत्येकाला वाटतंय, खोली रिकामी आहे.

शेवटी राउटरचं पान उघडलं.
तळाशी, जिथवर कुणी जात नाही, एक ओळ:
‘जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवा.’
पुढे बरोबरची खूण.

कुणी केली, विचारायची गरज नव्हती.
मे महिना. चाचणी. सतरावा प्रश्न.
नऊ जणांचं उत्तर उणे तीन,
नऊही जणांचं चुकलेलं, एकाच पायरीवर.
दुसऱ्या पेपरच्या आधी, दात ओठ खात, मीच.
पेपर झाले, निकाल लागला,
वरच्या वर्गातला एक सैन्यात गेला,
बर्फ वितळून पुन्हा पडला,
खूण तिथेच.

काढली. राउटर उठायला दीड मिनिट घेतो.
सामातच्या यादीत एक पत्ता आला,
त्याच्याच पत्त्यासारखा, फक्त शेवटचा आकडा वेगळा.
मग चार. मग अकरा.
"एझेके, माझं यंत्र तापलं," एर्किनाय म्हणाली,
आणि त्यावर हात शेकू लागली.

सामातने मान वर न करता विचारलं,
"म्हणजे आता बघून लिहिलेलं चालेल?"
भूगोल घे, म्हटलं.
गणिताच्या आदल्या दिवशी मी या पानावर परत येणार आहे.
तो हसला. मी हसले की नाही, आठवत नाही.

दहा-बारा मिनिटांत सगळ्यांचं उतरून झालं.
तासाची उरलेली वीस मिनिटं
काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.