तिसरा तुकडा

तार्तूत डिसेंबरात दुपारी साडेतीनला दिवे लागतात.
अंधांच्या ग्रंथालयात त्याची घाई कुणालाच नसते,
मेरिके तेवढी एक लावते, कीबोर्डापुरता.

सकाळी सॅदे नावाच्या मुलीचा फोन आला होता,
वय वर्षं नऊ, आवाजात तक्रार :
आजोबा दाराला टोपली लावून
कसे काय ऐकतात?

इथल्या भाषेत कान आणि टोपली
यांच्यात एका स्वराचं अंतर.
साधा ओ, आणि डोक्यावर लाट असलेला ओ.
तोंडात ओ धरायचा, ओठ मात्र ई म्हणताना पसरतात तसे.
मला पाच वर्षांत जमलेला नाही.
ब्रेल छापणाऱ्या यंत्रालाही जमेना :
नवी आवृत्ती आली आणि लाट गेली.

मूळ कोड लिहिणारे लांब कुठेतरी.
दुरुस्ती तीनदा पाठवून झाली.
बघू, म्हणाले, पुढच्या खेपेला.
म्हणून मेरिके दर खेपेला मूळ कोड उतरवते,
गाठोडं सोडते,
आणि एवाल्डचं ठिगळ लावते.
एकशे बारा ओळी. वर त्याचं नाव आणि पत्ता.
त्या पत्त्यावर धाडलेली पत्रं आता परत येतात.

पहिला तुकडा बसला.
दुसरा बसला, चौदा ओळी खाली सरकून.
तिसरा नाकारला.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, म्हणतात.
इथे आभाळ धडधाकट होतं.
ज्या ओळीला धरून एवाल्डनं टाका घातला होता
ती ओळच कुणीतरी
टापटिपीच्या भरात काढून टाकलेली.

नाकारलेला तुकडा तिनं उघडला.
अधिकची चिन्हं, उणेची चिन्हं,
आणि मधेच, सगळ्या कंसांच्या आत, एक शेरा :
"कुरूप आहे, कळतंय. पण लाइनेला वाचायचंय."

लाइने म्हणजे लाट.
बाईचं नावही असतं.
कोण, ते नोंदवहीत नाही.

मेरिकेनं तुकडा नव्यानं लिहिला, आठ ओळींत.
एवाल्डचा असता तर बावीस झाल्या असत्या.
शेरा तसाच ठेवला.
मग बांधणी : एक लायब्ररी सापडेना,
ती आणली, तर तिला तिची बहीण हवी.
पंखा घरघरत राहिला, पडद्यावरून इशारे वाहत गेले
पिवळे, बिनमहत्त्वाचे,
आणि तिनं कालच्या डब्यातलं बीट थंडच खाल्लं.
नावांच्या यादीत एवाल्डखाली स्वतःचं नाव घातलं,
आवृत्तीच्या आकड्याला शेपूट : ठिगळ सातवं.

यंत्र ठोकू लागलं.
एल्मारनं पान टेबलावर पसरलं, बोट सरकवलं,
थांबला, चार टिंबं मागे आला.
"कान," म्हणाला.
मग पुढची ओळ, तिच्या पुढची,
आणि शेवटी मान वर न करता :
"पण दार कशाचं आहे ते लिहिलंच नाही गं यांनी.
लाकडाचं असेल तर ऐकू येईल."