लो वर, आठ तास

गॅरी कोस्किनेनने पुडकं दारात ठेवलं.
पांढरा कागद, वर मार्करने तारीख
आणि एकच शब्द : खांदा.

तारीख माझ्या ओळखीची.
त्या पहाटे ड्यूटीवरून परतताना
हॅनकॉकचा पूल ओलांडला, चढ चढले,
आणि वरच्या वळणावर ती गाडीसमोर आली.
'ती' म्हणतेय, कारण पोलिसाने टॉर्च मारून, वाकून पाहिलं
आणि सांगितलं, मादी.
मग विचारलं, हवीय का?
मी फुटलेल्या दिव्याचे तुकडे बुटाने गोळा करत होते.
मान हलवली असावी.
त्याने चिठ्ठी फाडून दिली,
रक्कम नसलेली पावती.

बाकीचं गॅरीने केलं, त्याच्या गराजमध्ये.
मी गेले नाही. नळ वाहताना ऐकू येत होता,
मधूनच रेडिओवर हॉकीचा गोल.
"अर्धी तुझी, अर्धी माझी," म्हणाला,
"आणि घाई करू नकोस.
जन्मभर धावलेलं मांस आहे हे,
त्याला आधी बसू दे."

स्लो कुकरही त्याचाच, म्हणजे हेल्मीचा.
झाकणाची मूठ तुटलेली,
तिथे बाटलीचं बूच स्क्रूने बसवलेलं.
आईला फोनवर दाखवला.
शिट्ट्या किती करायच्या?
शिट्टी नाही गं याला.
मग शिजलं हे कळणार कसं?
आठ तासांनी उघडायचं.
आठ तास! आणि आहे काय त्यात?
मटण, म्हटलं.
कॅमेरा कांद्यांकडे वळवला.

कांदे मात्र वेगळ्या कढईत, तेलावर, लाल होईस्तोवर.
फोडणीशिवाय काही शिजतं
यावर माझा अजून विश्वास नाही.
गाजरं, बटाटे, चार लवंगा.
गॅरीच्या चिठ्ठीत जुनिपरची फळं होती,
माझ्या डब्यात तिरफळं.
दोन्ही टोचणाऱ्या झाडांची,
म्हणून चालतील असं धरलं
आणि बिया काढून सहा टाकली.

मांस गडद, जांभळ्याकडे झुकलेलं,
चरबीचा धागा नाही.
एका तुकड्यात रक्त साकळलेलं होतं,
वाटीएवढं.
तो माझा बंपर.
तेवढा कापून काढला, मग कळेना कुठे टाकावा.
कचऱ्यात टाकवेना.
मागच्या दारी बर्फावर ठेवला, आणि उभी राहिले
उगाच, स्लिपर घालून, शून्याखाली अकरा.
इथल्या कावळ्यांना कुणी काही शिकवलेलं नाही.
तरी एक आला.
लगेच शिवला.

बटण लो वर. पडदे ओढले.
रात्रभर उभी होते,
एका म्हाताऱ्याला मशीनवरून उतरवून
त्याच्या स्वतःच्या श्वासावर आणत.
पाय कुणा दुसऱ्याचे वाटत होते.
झोपले आम्ही दोघी
आपापल्या झाकणाखाली.

स्वप्नात ती आली नाही.
वास आला फक्त :
आधी कांदा, मग लवंग,
मग, उशिरा, ओल्या पाल्यासारखं काहीतरी,
जे मी भांड्यात घातलं नव्हतं.

उठले तेव्हा खिडकीत पुन्हा अंधार.
डाव लावला तर धागे सुटले
आपणहून, कसली तक्रार नसल्यासारखे.

गॅरीने उभ्यानेच खाल्लं, टोपी न काढता.
तिरफळ जिभेला लागलं तेव्हा थांबला,
ओठांवरून बोट फिरवलं.
"हेल्मीने बिअर घातली असती,"
एवढंच म्हणाला,
आणि वाडगं पुढे केलं.

माझी गाडी अजून दुरुस्तीत.
त्याचा पिकअप घेऊन निघाले,
स्टीलचा डबा शेजारच्या सीटवर,
पट्टा लावून, माणसासारखा.
वळण आलं तसा वेग उतरवला.
रस्त्यावर कुणी नव्हतं.
डबा जरासा कलला,
आतला रस्सा एकदा हलल्याचं ऐकलं,
आणि मी तशीच, सावकाश,
पुलापर्यंत गेले.