उत्तरेस तळे

खरेदीखतात चतुःसीमा अशी:
पूर्वेस नान्हे यांचे घर, पश्चिमेस बोळ,
दक्षिणेस गावरस्ता.
उत्तरेस तळे.

कुठपर्यंत तळे, ते लिहिलेलं नाही.
मी विचारलं तेव्हा रजिस्ट्रीतला बाबू
चष्म्यावरून बघत म्हणाला,
पाण्याले खुंटी ठोकता येते का जी?

आश्विनात सामान उतरवलं तेव्हा
पाणी न्हाणीच्या पायरीला लागलेलं.
आता माघात ते चिंचेच्याही पलीकडे गेलंय,
मागे ठेवून शेवाळ, शिंगाड्याची काळी टरफलं
आणि एक प्लास्टिकची चप्पल, डाव्या पायाची.
अंजिरा म्हणते, आपली जागा वाढली.
डांगराच्या बिया भिजत घातल्यात तिनं,
पाणी परत मागायला येईल तोवर.

बत्तीस वर्षं क्वार्टरात काढली आम्ही.
सात गावं, एकच पिवळा रंग,
आणि प्रत्येक भिंतीत आधीच्या लाइनमनचा खिळा.
आपला ठोकू नये असा काही नियम नव्हता.
तिनं कधी ठोकला नाही.

इथं पहिल्या रात्री झोप लागेना.
बेडूक थकलेले, कुत्री गप्प, डास तेवढे रीतसर.
दोन वाजता तिलाच उमगलं:
सबस्टेशनची घूं नाही.
त्या घूंखाली दोन पोरं वाढली आमची,
एक दहावीला दोनदा बसलं, एक पुण्याला गेलं,
आणि आम्हाला वाटायचं, ही शांतता.
तळ्याला आवाज नसतो म्हणतात.
असतो. मधूनच कोणी पाण्यात वाटी पालथी घालतं
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

विजेचं बिल अजून डुलीराम वलथरेच्या नावानं येतं.
मी खात्यातला माणूस,
नाव बदलायचा अर्ज मला तोंडपाठ,
तरी तसंच भरतो.
गावातही, पाटावर कोणी नवखं विचारतं,
वलथऱ्याच्या घरी कोन रायते?
लाइनमन रायते.

डुलीराम सडकेवरच्या घरकुलात गेला, स्लॅबखाली.
डोंगा मात्र आमच्या चिंचेला.
विकताना तो बोलला नाही, मी विचारलं नाही.
पहाटे चारला सांदवाडीतून खोकत जातो,
आम्हाला कळावं म्हणून नाही,
चाळीस वर्षं तिथंच खोकतो म्हणून.
मी फाटक करायला टाकलं होतं वेल्डरकडे.
माप दिलं, अर्धे पैसे दिले.
आणायला अजून गेलो नाही.

परवा दिवेलागणीनंतर तो थेट आत आला,
खांद्यावर ओलं जाळं.
अंजिरा भाताची पेज काढत होती.
मागचं दार, ज्याला मी चार महिने
तेल पाजलं, रंधा मारला, शिव्या दिल्या,
ते त्यानं पाठमोऱ्या हातानं
कडीला धरून जरासं उचललं
आणि ते लागलं. आवाज न करता.
मग त्यानं चुलीच्या जागी पाहिलं.
तिथं आमचा सिलेंडर.

चुकलो जी, म्हणाला. पाय आले.
अंजिरा म्हणाली, बसा.
तो बसला नाही. उभ्यानंच पाणी प्याला,
गंजावर झाकण नीट ठेवलं,
आणि जाताना सांगितलं: उचलाचं, मंग लोटाचं.
घर जरा तळ्याकडे कललं आहे,
बाप म्हणे, कान देऊन बसलं आहे.

हे खतात नाही.

सकाळी धुण्याच्या दगडावर
पळसाच्या पानात दोन मरळ, एक अजून हलणारी.
अंजिरानं डब्यातून खिळा काढला,
दुकानातून आणलेला, अडीच इंची, आमचा,
आणि घरभर फिरली
बोटाच्या पेरानं मातीची भिंत वाजवत.
इथं भुसभुशीत. इथं पोकळ. इथं कुडाची काडी.
मी आपला दार उचलत होतो, लावत होतो,
उघडून पुन्हा लावत होतो.

उद्या त्यालेच विचारू, ती म्हणाली,
कोनती भिंत धरते.