एक न कमी

बर्स्लेमच्या चॅरिटीच्या दुकानात शनिवारी
खोकी उघडायचं काम माझ्याकडे.
आज टनिक्लिफ म्हाताऱ्यांचं घर आलं, सहा खोक्यांत:
दोन किटल्या, टायांचा गुंता,
कोटाला लावायचा हिरवा तारा
आणि पत्रं, सुतळीनं बांधलेली.
प्लॉवडिव. निगाता. रेसिफे.

"एस्परांटो," मॉरीन म्हणाली,
"सगळ्या जगाची होणार होती म्हणे.
तिकिटं तेवढी काप, ती खपतात.
बाकी रद्दीत."

तळाशी शब्दकोश होता, पन्नास पेन्सांचा.
चहाच्या सुट्टीत चाळला.
कुणीतरी बसून, विचार करून केलेली भाषा,
अपवाद नाहीत, घोकंपट्टी नाही.
आईला मात्र वेगळा शब्द नाही,
बापालाच शेपूट जोडलंय.
मी तो दोनदा म्हणून पाहिला.
मग आपलं नुसतं "आई",
ज्याला व्यंजनसुद्धा लागत नाही.

टनिक्लिफ कपांना सोनेरी कड काढायचे,
इथल्याच कारखान्यात, चाळीस वर्षं.
हात नेमका. त्यामुळेच असेल,
आलेल्या प्रत्येक पत्रावर लाल पेन्सिल.
निगातात छपरापर्यंत बर्फ, प्रत्यय चुकला: खूण.
रेसिफेत मुलीचं लग्न, काळ चुकला: खूण.
आणि प्लॉवडिवची नेद्याल्का,
ती तर कर्माला न लावायचं हमखास विसरे.
चीजच्या कृतीत, नवऱ्याच्या आजारपणात,
सरकार पडलं त्या आठवड्यात,
ओळीओळीला यांचा न, लाल, मास्तरकीचा.
पुढल्या पत्रात ती पुन्हा विसरलेली.
मला तर शंका येते, मुद्दाम.

तिच्या शेवटच्या पत्रात चारच शब्द.
न नाहीच.
मराठीत चूक तशीच ठेवून सांगायचं तर:
मी तू विसरले नाही.

तिथे पेन्सिल टेकलेली दिसते.
एक लाल ठिपका.
पुढे गेली नाही.

"यू फिनिश?" सेलामनं कोटांच्या रांगेमागून विचारलं.
"आय फिनिश," मी म्हटलं.
ती अस्माराची, मी मिरजेची,
मध्ये हे इंग्रजी, पाय मोडलेल्या बाकासारखं.
दोघी नीट बसतो त्याच्यावर,
कुठे टेकायचं नाही ते ठाऊक झालंय.

त्या पाकिटाचं तिकीट कापायचं राहिलं.
गुलाब होता त्यावर, शिक्का अर्धवट.
वीस पेन्स तरी आले असते.