परांची

सोहारच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
एसी गळतो म्हणून बादली ठेवलेली असते तिथे
माझी चौदा नळ्यांची रांग.
पहिलीत समुद्राची आठवण राहील इतकं मीठ,
शेवटचीत नुसतं पाणी.
प्रत्येकीत यासीन सरखोतच्या रक्ताचा एकेक थेंब.

वय एकतीस. गाव दाभोळ. रिफायनरीत परांच्या बांधतो.
डोळ्यांत हळद, पित्ताशयात खडे.

धडधाकट पेशी नवव्या नळीपर्यंत हूं की चूं करत नाहीत.
याच्या सहावीतच फुटल्या.
भिंगाखाली पाहिलं: सगळ्या गोट्यांसारख्या गोल,
मधली फिकट खळीच नाही.

"ताई, दोष कुठे?"
पेशीच्या कातडीला आतून एक जाळी असते, मी म्हटलं,
स्पेक्ट्रिनची, तुझ्या पाइपांसारखी.
अँकिरिन म्हणजे क्लॅम्प. जाळी कातडीला धरून ठेवतो.
तुला ते कमी मिळाले.
कातडी सुटते, कणाकणाने झडते,
उरलेली पेशी आवळून गोल होते
आणि प्लीहेच्या फटीत अडकून मरते.

तो नळ्यांकडे बघत राहिला.
"बारा वर्षं झाली. एक क्लॅम्प सैल सोडला नाही मी."
मग, जरा वेळाने:
"अब्बांच्या मनगटावर काविळीचे डाग होते. तीन."

"आणि हे?" हात शर्टच्या खिशावर.
हृदयात त्या क्लॅम्पचा चुलतभाऊ असतो.
मज्जातंतूत आणखी एक, तिथे स्पेक्ट्रिनही
पिंपाच्या कड्यांसारखं, मोजून मापून बसवलेलं.
स्नायूतला डिस्ट्रोफिन लांबचा, पण त्याच कुळातला.
प्रत्येकाचा सातबारा वेगळा, यासीन.
एकाचं बिघडलं म्हणून बाकीच्यांचं बिघडत नाही.

तो हसला. "आमच्यात उलटं आहे."

बाहेर गोड्या पाण्याचा टँकर मागे मागे येत
टी टी करत होता.
"मुलगी आहे. चार वर्षांची."
मी म्हटलं, नाणं उडवण्याइतकं.
हे मी रोज म्हणते. आज जीभ जड झाली.

त्याने फोन लावला.
इकडे साडेचार, तिकडे सहा, उजेड जायला आलेला.
"खिडकीशी ने तिला. रडू दे.
खालची पापणी ओढ. अजून. आता धर."
आणि पडदा माझ्यापुढे केला.

एक ओला डोळा, थरथरणारा, नेटवर्कमुळे तुकडे तुकडे.
पिवळं त्यात होतं, की माझ्या ट्यूबलाइटचं?
मी उठून दिवा बंद केला.