मागच्या गेटची किल्ली

आमच्या शाळेची घंटा म्हणजे ट्रॉलरचा पितळी पंखा,
एक पातं तुटलेला. सव्वीस वर्षं मीच वाजवतो.
किल्ल्यांचा जुडगाही माझ्याकडे:
कार्यालय, प्रयोगशाळा, तांदळाची खोली,
आणि मागचं गेट, जे खाडीवर उघडतं
आणि ज्यातून माझ्याशिवाय कोणी जात नाही.

नारळीपौर्णिमेनंतर नववीची पोरं आली किल्ली मागायला.
सायमा म्हालदार पुढे, हातात वही,
मागे कोयंड्यांचा निनाद, खांद्यावर बापाचं जुनं जाळं,
आणि ती बुटकी यशदा तारी, बोलायच्या आधी हसणारी.
“काका, कांदळ लावचे आसत. बांध ढासळता.”
हेडसरांची सही होती. दिली किल्ली.
म्हटलं, दोन दिवस टिकेल.
प्रदर्शनातला ज्वालामुखीही दोनच दिवस टिकला होता.

ओहोटीला शेंगा वेचल्या त्यांनी,
शेवग्यासारख्या लांब, टोकाला तपकिरी,
गुडघाभर चिखलात उभ्या खोचल्या, हाताहातावर एक.
पहिल्याच उधाणाने निम्म्या नेल्या.
उरलेल्या कुर्ल्यांनी कुरतडल्या.
मग निनादच्या बापाने बांबू तासून नळ्या दिल्या,
तेव्हापासून दर शेंगेला बांबूचं पोलकं.

शनिवारी मोजणी. वही सायमाची.
जगल्या एकशे बारा.
चिखलात काय सापडलं तेही लिहायची:
तीन चपला, तिन्ही डाव्या.
नायलॉनचा गुंता, त्यात मेलेली शेंगटी.
सलाईनची बाटली.
तेलाचे पाऊच, खिचडीचे.
खडूचे खोके, जळके.
सहामाहीची अर्धी उत्तरपत्रिका, गुण सात.
पुढच्या रकान्यात, कुठून आलं.
बंदरातून. बाजारातून. दवाखान्यातून.
शेवटच्या तीन ओळींपुढे काहीच नाही.

शुक्रवारी मी पाण्याच्या टाकीशी तोटी बदलत होतो.
ती आली. बाकीची दोघं मागे, पायाकडे बघत.
“काका, एक विचारायचं होतं.”
वही उघडून धरली, बोट रिकाम्या रकान्यावर.
तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

सांगता आलं असतं की सर सांगतात, मी टाकतो.
सांगता आलं असतं की पंचायतीची गाडी या उतारावर येत नाही.
दोन्ही खरं.
सव्वीस वर्षं, रोज साडेपाचला,
टोपली, काडेपेटी, वारा कुठला ते बघून.
उरलेलं खाडी नेते, असं म्हणायचो.
नेलेलं भरती परत आणते
हे ठाऊक नव्हतं असं नाही. दर्याकाठचाच मी.

“लिही,” म्हटलं.
“काय लिहू? शाळा?”
“शाळा लिहिलंस तर कोणीच नाही लिहिलंस.
पराडकर लिही. दिगंबर. शिपाई.”
पेन तसंच राहिलं थोडा वेळ.
मग तळव्याआड काहीतरी लिहून ती पळाली.
स्टाफरूममध्ये वह्या नेताना मी पाहिलं.
लिहिलं होतं: मागचं गेट.

आता स्वयंपाकघरामागे खड्डा आहे,
पोरांनी खणलेला, जरा वाकडा.
पाऊच धुऊन पोत्यात भरतात, पोतं एसटीने देवगडला जातं,
कंडक्टर कुरकुरतो, वासाचं तिकीट लावीन म्हणतो.
हेडसर फोटोत पुढे उभे राहिले. राहोत.
पावसाळ्यात खड्ड्याचं काय करायचं
ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

साडेपाचला मात्र पाय आपसूक गेटाकडे वळतात.
रिकाम्या हाताने जायला अवघडतं,
म्हणून टोपली घेतो.
निवट्या चिखलावर उड्या मारतात, बांबूच्या नळ्या उभ्या.
माझ्या राखेच्या ढिगाजवळचं रोप जगेल असं
कुणालाच वाटलं नव्हतं.
काल त्याला चौथं पान आलं.
वहीत ते शनिवारीच चढेल.
आज गुरुवार.
मी कुणाला सांगितलेलं नाही.